मदत हवी आहे: दिंडीत चालताना टिपणं कधी काढायची?

मंडळी, एमए समाजशास्त्राच्या प्रबंधासाठी यंदा आळंदी ते पंढरपूर एका दिंडीसोबत चालणार आहे. विषय: बायका स्वतःला 'वारकरी' म्हणतात म्हणजे नेमकं काय म्हणतात. मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे वारीत चालल्या, तेव्हा एकाच दिंडीत ब्राह्मण आणि मराठे वेगवेगळे जेवतात हे त्यांना खटकलं होतं. असलं काही प्रश्नावलीत सापडत नाही, सोबत राहूनच दिसतं.

माझी अडचण तिथेच आहे. गेल्या वर्षी दोन मुक्काम करून पाहिले. वही काढली की 'आमच्यात भेदभाव नाही हो माउली' एवढंच उत्तर! रेकॉर्डिंगची परवानगी मागितली की सूरच बदलतो. न विचारता करणं मला पटत नाही.

फील्डवर्क केलेल्यांनी सांगा, टिपणं रात्री मुक्कामावर लिहिता का? दिवसभर चालून तेव्हा काय आठवतं? भाकरी थापायला बसलं तर बोलणं मोकळं होईल? (मला भाकरी येत नाही, तो वेगळाच प्रश्न.)