मदत हवी आहे: आईचा लॅपटॉप तिच्याजवळच्या मोबाइलने उघडेल का?

नमस्कार मंडळी,

वेंगुर्ल्याजवळ आमचं घरगुती काजू फोडण्याचं युनिट आहे. आई आणि गावातल्या सहा बायका मिळून चालवतात. हिशेब, बिलं, जीएसटी सगळं आई स्वतः लॅपटॉपवर करते. साठी उलटल्यावर शिकली, मला तिचं फार कौतुक आहे. मी पुण्यात असतो, त्यामुळे अडलं की फोन मला येतो.

अडचण अशी की लॅपटॉपच्या पॉवर बटणात बोटाच्या ठशाचा सेन्सर आहे, पण आईचं बोट त्याला लागत नाही. काजूच्या टरफलातलं तेल किती जहाल असतं हे आपल्याकडच्यांना सांगायला नको. ती हाताला एरंडेल लावते, राख चोळते, तरी उजवा अंगठा आणि तर्जनी सोलून निघतातच. मागच्या खेपेला तिचा अंगठा उजेडात धरून पाहिला. एक रेघ शिल्लक नाही. मधे नुसता चकचकीत, कडेला काळ्या भेगा. रेशनच्या मशीनवरही तीच गत होते.

मग उरतो पिन. दर वेळी हात धुवा, पुसा, चष्मा शोधा, आकडे घाला. दिवसातून वीसेक वेळा तरी. लॉकच काढून टाकावं तर लॅपटॉप असतो पडवीत. व्यापारी, गिऱ्हाइकं, शेजारची पोरं, सगळ्यांची ये-जा असते आणि बँकेचे व्यवहार त्यावरच चालतात.

मोबाइल मात्र कायम तिच्या कमरेच्या पिशवीत. परवा मला म्हणाली, "फोन माझ्याकडेच आसा मां, मगे तेका कळणा नाय मी कोण ती?"

लॅपटॉप विंडोज ११, फोन अँड्रॉइड. डायनॅमिक लॉक चालू करून पाहिलं. आई लांब गेली की लॅपटॉप लॉक होतो, पण परत आली की उघडत नाही. माझं काही चुकतंय का? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १

दादा, तुमचं काही चुकलेलं नाही. डायनॅमिक लॉक २०१७ साली विंडोज १० मध्ये आलं, तेव्हापासून ते फक्त लॉक करण्याचंच काम करतं. जोडलेल्या फोनचा ब्लूटूथ सिग्नल क्षीण झाला की मिनिटभरात लॉक, एवढंच. फोन जवळ असताना उघडण्याची सोय गूगलच्या क्रोमबुक लॅपटॉपमध्ये आहे. मॅक ॲपलच्या घड्याळाने उघडतो, पण आयफोन नुसता जवळ आणून नाही.

यामागे कारणही आहे. ब्लूटूथ साधारण दहा मीटरपर्यंत पोचतं. आई माजघरात, फोन कमरेला आणि पडवीत परका माणूस बसलाय, अशा वेळी लॅपटॉप आपोआप उघडला तर? मधे जांभ्याची जाड भिंत असली तर सिग्नल कमी होतो, पण दार उघडं असेल तर पोचायचाच.

प्रतिसाद २

फोनने विंडोज उघडून देणारी बाहेरची ॲप्स मिळतात, पण त्यातल्या बऱ्याच ॲप्सना तुमचा पासवर्ड साठवायला द्यावा लागतो. बँकेचं काम असलेल्या मशीनवर मी तरी घालणार नाही.

एक सुचवतो. माझी मावशी काजू फोडायची, म्हणून माहीत आहे: तेलाचा मार बसतो तो बी धरणाऱ्या बोटांवर. करंगळी बरीच वाचते. सेटिंग्जमध्ये अकाउंट्स, तिथे साइन-इन ऑप्शन्स, मग फिंगरप्रिंट उघडून आणखी एक बोट नोंदवता येतं. डाव्या हाताची करंगळी घ्या. नोंदवताना सकाळी, काम सुरू व्हायच्या आधी, हात कोरडे असताना. रेशनलाही दुसरं बोट लावायला सांगा, आधारमध्ये दहाही बोटांचे ठसे असतात.

तेही जमलं नाही तर चेहरा ओळखणारा यूएसबी कॅमेरा घ्या. मात्र तो इन्फ्रारेड आणि विंडोज हॅलोवाला (चेहरा किंवा बोट ओळखून उघडण्याची विंडोजची सोय) हवा, साधा वेबकॅम चालत नाही.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. रविवारी व्हिडिओ कॉलवर आईकडून डावी करंगळी नोंदवून घेतली. सेन्सरने दोनदा नको म्हटलं, तिसऱ्यांदा घेतली. आज चौथा दिवस. दुपारी राखेचे हात असले की ती करंगळी तेवढी पदराला पुसते आणि टेकवते, उघडतो. डायनॅमिक लॉक तसंच चालू ठेवलंय, ती आत गेली की फोन आपलं काम करतो. पावसाळ्यात दमट हवेत करंगळी कशी चालते ते इथेच कळवीन.