शिशाचे छर्रे आणि आपल्या घारी: मेलेलं डुक्कर उघड्यावर का टाकायचं?

तापीकाठचा

मंडळी, गेल्या कार्तिकात हतनूर धरणाकडून येताना बांधावर एक घार दिसली. पंख लोंबून जमिनीला टेकलेले. मी पाच हातांवर गेलो तरी उडेना. उपरण्यात गुंडाळून उचलली. पंजे मुठीसारखे आवळलेले, शेपटीखाली हिरवीगार विष्ठा चिकटलेली, छातीचं हाड हाताला टोचत होतं. वनरक्षकाला कळवून ओळखीच्या पशुवैद्यांकडे नेली. एक्स-रेत पोटात तीन पांढरे ठिपके, मोहरीच्या दाण्याहून थोडे मोठे, म्हणजे शिशाचे छर्रे. तिसऱ्या दिवशी ती गेली. आठवडाभर आधी त्याच शिवारात बंदुकीनं मारलेलं एक रानडुक्कर उघड्यावर पडलं होतं, हे मागाहून कळलं; घारीनं तेच खाल्लं असावं.

शिकारी पक्ष्याच्या पोटातलं आम्ल इतकं जहाल की शिसंसुद्धा त्यात हळूहळू विरघळतं. ते रक्तात गेलं की रक्त तयार होणं अडतं, नसा लुळ्या पडतात, अन्न पुढं सरकत नाही. उरलेलं शरीर कॅल्शियम समजून हाडात साठवून ठेवतं. बंदुकीची गोळी तर मांसात शिरताच फुटते आणि तिचे डोळ्यांना न दिसणारे कण जखमेपासून वीतभर लांब पसरतात.

माझं म्हणणं एवढंच आहे. पिकासाठी रीतसर परवानगी काढून डुक्कर मारलं तर मारलं, त्यावर मी बोलत नाही. पण धड आणि आतडी नाल्यात फेकू नका, खोल पुरा. वनखात्यानं परवानगी देताना ही अट नुसती कागदावर ठेवू नये, जागेवर येऊन बघावं.

केळीवाला, रावेर

भाऊ, घारीचं वाईट वाटलं. पण एका घारीवरून सगळ्या शेतकऱ्यांना आरोपी करू नका. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं आपल्याकडं शिकारीला बंदी आहे. अमेरिकेसारखे हंगामात लाखो लोक बंदुका घेऊन इथं निघत नाहीत. परवानगीनं डुक्कर मारणारे आमच्या पंचक्रोशीत बोटावर मोजण्याइतके.

गिधाडं कशानं गेली ते सगळ्यांना ठाऊक आहे. जनावरांना टोचलेल्या डायक्लोफेनॅक या दुखण्यावरच्या औषधानं गेली, शिशानं नाही. विजेच्या तारांवर किती पक्षी चिकटतात ते मी दर पावसाळ्यात डोळ्यांनी बघतो. जे जास्त मारतंय ते आधी थांबवा ना भो.

आणि खड्डा कोण खणणार? रात्रभर मक्याच्या कडेला बॅटरी मारत जागायचं, सकाळी अर्धा एकर आडवा झालेला बघायचा, आणि वर उन्हानं दगड झालेल्या काळ्या जमिनीत मेलेल्या डुकरासाठी छातीएवढा खड्डा खणायचा?

गुरांचा डॉक्टर, धुळे

दोघांचं थोडं थोडं बरोबर आहे, पण एकाचं जास्त.

तापीकाठकर, एक्स-रेत छर्रे दिसले म्हणजे विषबाधा सिद्ध झाली असं नाही. पक्ष्यावरच कुणी छर्रा झाडला असेल आणि तो मांसात रुतून बसला असेल, तर त्याचा त्रास फार कमी. तो पोटात आहे की मांसात, हे पाहावं लागतं. शिवाय रक्तातलं शिसं तपासायला हवं होतं. तुम्ही सांगितलेली लक्षणं मात्र शिशाचीच वाटतात. वेळेत कळलं तर शिसं बांधून बाहेर काढणारी इंजेक्शनं देता येतात.

रावेरकर, डायक्लोफेनॅकचं म्हणाल तर जनावरांसाठी ते 2006 मध्येच बंद झालं. तरी माणसांच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात येत राहिल्या, म्हणून 2015 मध्ये बाटली 3 मिलिलिटरची करावी लागली. पुढं 2023 मध्ये केटोप्रोफेन आणि असेक्लोफेनॅक ही तशीच औषधंही जनावरांसाठी बंद झाली. मेलॉक्सिकॅम आहे, गिधाडांना चालतं, मी तेच वापरतो. ही लढाई झाली म्हणून दुसरी सोडायची का? उलट गिधाडं हाताच्या बोटांवर आली की एकेक पक्षी महत्त्वाचा. कॅलिफोर्नियात 1982 साली कॉन्डोर, म्हणजे तिकडचं मोठं गिधाड, फक्त 22 उरले होते. पिंजऱ्यात वाढवून सोडले, तरी शिशानं मरत राहिले. शेवटी त्या राज्यानं 2019 पासून शिकारीतली शिशाची गोळीच बंद केली, तांब्याची आली. 2022 मध्ये अमेरिकेतल्या 38 राज्यांमधल्या 1,210 गरुडांचा अभ्यास छापून आला. ज्यांची हाडं तपासली त्यातल्या जवळपास निम्म्यांत वर्षानुवर्षं साचलेलं, विषबाधा होण्याइतकं शिसं निघालं. तपासलं नसतं तर सगळं ठीकच वाटलं असतं.

आणखी एक. गोळीनं मारलेल्या जनावराचं मांस कोण खातं, कोण नाही, ते इथं काढत नाही. पण तेच कण लेकरांच्या ताटात येतात, एवढं लक्षात घ्या.

केळीवाला, रावेर

डॉक्टरसाहेब, तांब्याची गोळी आणायची कुठून? आमच्याकडच्या परवान्याच्या दुकानात विचारून या. मिळेल ते काडतूस घेतो माणूस.

शहाद्याची मास्तरीण

सगळे मोठ्या बंदुकीवरच बोलताहेत. माझ्या वर्गातल्या पोरांच्या हातात छर्ऱ्याची एअरगन असते, तिचं काय? ज्वारी राखायला म्हणून घेतात आणि पोपट, होले, साळुंक्या, जे दिसेल त्यावर झाडतात. तो छर्राही शिशाचाच. अर्धमेला होला फडफडत झुडपात पडला की शिक्रा त्यालाच आधी उचलतो, कारण धडधाकट पाखरू पकडण्यापेक्षा ते सोपं. आपल्या शहाद्याजवळ 1997 मध्ये रानपिंगळा हे छोटं घुबड पुन्हा सापडलं, शंभर वर्षं कुणाला दिसलं नव्हतं. त्या जंगलाच्या कडेला पोरं एअरगन घेऊन हिंडतात, ते बघून माझा जीव वरखाली होतो. माळ्यावर बसून गोफण फिरवायची आपल्या आजोबांना येत होतीच की. दगड कुणाच्या पोटात विरघळत नाही.

हतनूरचा भोई

आता जाळ्यावर येऊ नका म्हणजे झालं. मागं एक साहेब सांगून गेले, इंग्लंडात राजहंस मरायचे म्हणून 1987 ला गळाचं बारीक शिसं बंद केलं, तुम्हीही करा. आमच्या फेकायच्या जाळ्याचे गोळे बोराएवढे असतात, बदक ते गिळत नाही. भाजलेल्या मातीचे मणी आमचा आजा लावायचा, खडकावर फुटायचे. गळाची बारीक गोळी मात्र तुटून पाण्यात राहते, हे खरं. ती बदलायला मी तयार आहे, लोखंडाची चालेल. जाळं नाही बदलणार.

तापीकाठचा

डॉक्टर, घार गेल्यावर पशुवैद्यांनी पोट उघडलं होतं. तिन्ही छर्रे जठरातच होते, झिजून चपटे झालेले. वनरक्षकाला विचारून ते मी काड्यापेटीत ठेवलेत. रक्ताची तपासणी राहिली, ती माझी चूक.

भोईदादा, पटलं, जाळं राहू द्या. बाईंचं तर मनापासून पटलं, एअरगनचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

रावेरकर, तुमचं एक मान्य, खड्ड्याचा भुर्दंड एकट्या शेतकऱ्यावर नको. पण "आधी दुसरं थांबवा" हे नाही पटलं. विजेच्या तारा तुमच्या-माझ्या हातात नाहीत, नाल्यात फेकलेलं धड आहे. पुढच्या ग्रामसभेत मी ठराव मांडतोय, की परवानगीनं मारलेलं डुक्कर पुरायला ग्रामपंचायतीनं जेसीबी द्यावा.

केळीवाला, रावेर

जेसीबी मिळत असेल तर सही करतो. पण तारांचा मुद्दा मी सोडलेला नाही. आणि पुरलेलं कोल्हं-कुत्रं उकरून काढतं, त्याचं काय?

तापीकाठचा

छातीएवढा खड्डा, माती दाबून भरायची, वर बाभळीच्या काट्या आणि त्यावर दगड. मागं वासरू असंच पुरलं होतं, वर्ष झालं, कुणी उकरलं नाही.