ग्राहकाची सगळी माहिती क्लाउडवर एकत्र आणावी का?

रानवारा
किरकोळ विक्रीत ग्राहकाची माहिती चार ठिकाणी विखुरलेली असते. बिलिंग काउंटरची यंत्रणा एक, अ‍ॅपची दुसरी, लॉयल्टी कार्डाची तिसरी, आणि तक्रार विभागाचं खातं आणखी वेगळं. म्हणून काल परत केलेल्या बुटांची जाहिरात आज पुन्हा समोर येते, आणि तक्रार करणाऱ्याला दर वेळी पहिल्यापासून सगळं सांगावं लागतं. हा डेटा क्लाउडवरच्या एकाच वेअरहाउसमध्ये, म्हणजे माहितीच्या एका सामायिक कोठारात, आणायलाच हवा, असं माझं ठाम मत आहे. पर्सनलायझेशन, म्हणजे ज्याला त्याला त्याच्या आवडीचं दाखवणं, म्हटलं की सगळे शिफारशींच्या अल्गोरिदमकडे धावतात. पण ते तंत्र जुनं आहे. कोणती वस्तू कोणत्या वस्तूबरोबर घेतली जाते, ही जुळवणी अ‍ॅमेझॉनच्या अभियंत्यांनी २००३ सालीच लेख लिहून मांडली होती. गाडी अडते ती डेटा जुळत नाही म्हणून.

काजळी
असहमत. २०२४ मध्ये स्नोफ्लेक या क्लाउड वेअरहाउसवरच्या कितीतरी कंपन्यांच्या खात्यांतून डेटा चोरीला गेला. चोरांनी आधीच कुठूनतरी लांबवलेले पासवर्ड वापरले, आणि त्या खात्यांना दुहेरी पडताळणीच नव्हती. चार ठिकाणी विखुरलेली माहिती चोरायला चार दारं फोडावी लागतात. तुम्ही सगळं एका दाराआड आणून ठेवताय. टार्गेट या अमेरिकी दुकानसाखळीतल्या २०१३ मधल्या चोरीत तर शिरकाव झाला तो वातानुकूलनाचं काम करणाऱ्या कंत्राटदाराच्या लॉगिनमधून. सुमारे ४ कोटी कार्डांचे तपशील गेले!

रानवारा
टार्गेटचं उदाहरण तुमच्या बाजूने नाही. तिथे कार्डांचे तपशील काउंटरवरच्या बिलिंग यंत्रांत शिरलेल्या मालवेअरने (घातक सॉफ्टवेअरने) उचलले. म्हणजे दुकानाच्या कडेकडेच्या, दुर्लक्षित यंत्रणाच कच्च्या होत्या. स्नोफ्लेकबद्दलचा मुद्दा मान्य, पण त्यावर उपाय दुहेरी पडताळणी सक्तीची करणं हा आहे. शिवाय युरोपात २०१८ पासून लागू असलेल्या जीडीपीआर या माहिती-संरक्षण कायद्याने ग्राहकाला आपली माहिती पुसून मागण्याचा हक्क दिलाय. ती कुठे कुठे आहे हेच दुकानाला ठाऊक नसेल, तर पुसणार काय?

दोरखंड
याच कामात आहे म्हणून लिहितो. तुम्ही दोघं सुरक्षेवर भांडताय, पण रोज छळणारी गोष्ट वेगळीच आहे: दोन नोंदी एकाच माणसाच्या आहेत हे ठरवायचं कसं? फोन नंबर किंवा ईमेल तंतोतंत जुळला तर काम सोपं. तो नसेल तर नाव, पत्ता, मोबाइल संच यांवरून अंदाज बांधतात. आणि घरातली तीन माणसं एकाच नंबरवर बिल करतात, तिथे तंतोतंत जुळणीही फसते. मग एकाने घेतलेल्या औषधावरून दुसऱ्याला सूचना जातात. न जोडलेल्या नोंदीने फार तर एक निरुपयोगी जाहिरात जाते; चुकीच्या जोडणीने एखाद्याची खाजगी गोष्ट घरात फुटते. त्यामुळे शंका असेल तिथे नोंदी वेगळ्याच ठेवाव्यात, आणि मूळ नोंद कधीही बदलू नये, म्हणजे चुकलेली जोडणी पुन्हा सोडवता येते.

आणखी एक. सगळंच मिनिटांत वेअरहाउसमध्ये पोचायला हवं हा आग्रह खर्चिक आहे. शिल्लक माल आणि परतावे लगेच पोचायला हवेत, आवडीनिवडी रात्री एकदा अद्ययावत केल्या तरी पुरे.

काजळी
दोरखंड, हे पटलं. पण रानवारा, एकत्र डेटा आला की तो फक्त सूचनांपुरता राहत नाही. उद्या त्यावरून माणसागणिक किंमत ठरते. युरोपीय संघात मे २०२२ पासून अशी स्वयंचलित वैयक्तिक किंमत लावली तर ग्राहकाला तसं सांगावं लागतं. नियम करावा लागला, यातच आलं सगळं.

रानवारा
किमतीसाठी हा डेटा वापरायला माझाही विरोध आहे. वेअरहाउसमध्ये प्रत्येक रकान्याला वापराचा हेतू लावता येतो, आणि किंमत ठरवणाऱ्या टीमला ग्राहकाची नोंद दिसणारच नाही अशी परवानगी बांधता येते.

काजळी
परवानगी आज बांधाल, उद्याचा व्यवस्थापक सोडेल. बिलं, परतावे आणि तक्रारी जोडा, माझी हरकत नाही. कोणी काय नुसतं पाहिलं, किती वेळ पाहिलं, या नोंदी मात्र तिथे आणूच नका.

रानवारा
मग ज्याने अजून काहीच घेतलेलं नाही, त्या नव्या ग्राहकाला दाखवायचं काय?

काजळी
सगळ्यांना दाखवता तेच. नवा माल, जास्त खपणारा माल, आणि नीट चालणारा शोध.