कमळाच्या पानावरून काढलेला रंग: खरं की नुसतं मार्केटिंग?

सोसायटीचा_खजिनदार: पावसाळ्याआधी बिल्डिंगला बाहेरून रंग लावायचाय. एका पेंटरने मीटिंगमध्ये सांगितलं की हा रंग कमळाच्या पानावरून काढलाय, पाऊस पडला की भिंत आपोआप धुतली जाते, म्हणून भाव जास्त. आमचे सेक्रेटरी लगेच गळाला लागले. यात खरंच काही आहे का, की डब्यावर फूल छापून पैसे काढायचे धंदे?

पानवेडी: डब्यात कमळ नसतं, पण गोष्ट खरी आहे. विल्हेल्म बार्थलॉट म्हणून जर्मन वनस्पतीशास्त्रज्ञ, ते सत्तरच्या दशकात इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पानं बघत होते, तर गुळगुळीत पानं आधी धुऊन घ्यावी लागायची आणि काही पानं मुळातच स्वच्छ निघायची. आणि गंमत बघा, स्वच्छ निघणारी पानंच जास्त खडबडीत! कमळाच्या पानावर बारीक बारीक उंचवटे असतात, त्यांच्यावर मेणाचे कण. थेंब नुसता टोकांवर टेकतो, खाली हवा राहते, त्यामुळे तो पसरत नाही, गोल होऊन घरंगळतो. धूळही टोकांवरच अडकलेली, ती थेंबाला चिकटून निघून जाते. 1997 ला त्यांचा आणि त्यांचे सहकारी नाइनहुइस यांचा यावरचा पेपर आला, 1999 ला जर्मनीत लोटुसान नावाचा बाहेरच्या भिंतींचा रंग विकायला आला. आपण गुळगुळीत म्हणजे स्वच्छ असं धरून चालतो ना, तिथेच सगळे फसले होते.

कोकणी_माणूस: कमळ कुठे शोधताय, परसातलं अळू बघा की, तेच तंत्र. पानावर पाणी टाका, मोत्यासारखं पळेल. मग थोडं भांड्याच्या साबणाचं पाणी टाकून बघा, पसरून बसतं. बोटाने जोरात चोळलं तरी मेण जातं आणि त्या जागी पाणी धरतं. (ते पान वडीला घेऊ नका म्हणजे झालं.) जिवंत पान मेण परत तयार करतं, रंगाला ते कुठून जमणार.

सोसायटीचा_खजिनदार: म्हणजे घासून धुवायचं नाही? आणि आमची एक बाजू हायवेला आहे, काळी पडते सारखी.

साईटवरचा: घासू नका. हायवेची काजळी तेलकट असते, ती सुक्या धुळीइतकी सहज जात नाही. दुसरं म्हणजे पाणी भिंतीवर पडलंच पाहिजे, छज्जाखाली किंवा डक्टमध्ये हा रंग लावणं म्हणजे पैसे वाया. गच्चीतून ओल येत असेल तर आधी वॉटरप्रूफिंग करा, रंगाने गळती थांबत नाही, कितीही कमळं असू देत. आणि पेंटरला विचारा नक्की कुठला प्रकार, कारण टायटॅनियम डायऑक्साइडवालेही 'सेल्फ क्लीनिंग' म्हणूनच विकतात, त्यात उलटं असतं, उन्हाने मळ तुटतो आणि पाणी पातळ पसरून तो धुऊन नेतं. त्याचा कमळाशी काही संबंध नाही.

सोसायटीचा_खजिनदार: भारी माहिती मिळाली. पावसाची बाजू आणि डक्ट यांचं वेगवेगळं कोटेशन मागवतो, डक्टला साधाच रंग.

पानवेडी: डब्यावरची टेक्निकल शीट पण मागून घ्या, फुलाचं चित्र नको.