मोबाईल असताना हँडहेल्ड कन्सोल घ्यावा का?

विश्रामबागवाला: भावांनो एक सांगा. घर सांगलीत, कॉलेज पुण्यात, एसटीनं सारखं जाणंयेणं. मोबाईलवर बीजीएमआय (पोरांसोबत ऑनलाईन खेळायची बंदुकीची गेम) खेळतो पण फोन तव्यासारखा तापतो आणि ऐन फाईटमध्ये घरचा कॉल येतो, मग काय, मेलोच. म्हणून हातात धरून गेम खेळायचं वेगळं मशीन, म्हणजे निन्टेंडोचा स्विच नाहीतर असूसचा रॉग अ‍ॅलाय, घ्यायचा विचार चाललाय. पप्पा म्हणतात एवढा मोठा मोबाईल असताना अजून एक डबडं कशाला. फरक पडतो का नुसती हौस?

जुना_खेळाडू: पप्पा म्हणतायत तेच २०११ ला सगळं जग म्हणत होतं लका. निन्टेंडोचा डीएस हा जुना हँडहेल्ड १५ कोटींच्या वर खपलेला, पुढचा थ्रीडीएस आला तोवर लोकांच्या हातात स्मार्टफोन, अमेरिकेत २५० डॉलरचं मशीन काही महिन्यांत १७० वर आणावं लागलं आणि तरी खप डीएसच्या निम्माच. सोनीचा हँडहेल्ड व्हिटा तर भारी असून बसला. मग २०१७ ला स्विच आला, तो टीव्हीलाही लागतो आणि निन्टेंडोच्या झेल्डा या साहसाच्या मालिकेतल्या मोठ्या गेम फोनवर मिळतच नाहीत, म्हणून तो चालला. खरी बटणं असली की अंगठ्यानं स्क्रीन झाकत नाही, मधे जाहिरात नाही, आणि गेमला शेवट असतो! पण खरं सांगू, कन्सोलची मारामारी फोनवरच्या गेमशी नाहीच, रील्सशी आहे. एसटीत बसलं की पेठ नाका येईस्तोवर अंगठा वरवरच चाललेला असतो, तिथं बॅगेतनं दुसरं मशीन कोण काढतंय.

कराडकर: निन्टेंडो भारतात अधिकृत विकत नाही, स्विच मिळतो तो बाहेरनं आणलेला, बिघडला तर वॉरंटीचं तुझं तू बघ. अ‍ॅलाय २०२३ ला इथं आला तेव्हाच ६९,९९० ला होता, आणि जड गेम लावली की आमचं कराड मागं पडायच्या आत बॅटरी झोपते. त्यापेक्षा फोनलाच दोन-तीन हजाराचा बटणांचा कंट्रोलर लाव की.

जुना_खेळाडू: @कराडकर बीजीएमआय कंट्रोलर घेत नाही ओ. कॉल ऑफ ड्यूटी घेते.

विश्रामबागवाला: आणि स्विचवर बीजीएमआय?

जुना_खेळाडू: नाही.

विश्रामबागवाला: मग अवघड आहे, रूमवरची सगळी पोरं त्याच्यावरच असतात, मी एकटा झेल्डा घेऊन काय करू 😅

कराडकर: मग फोनच्या मागं लावायचा फॅन घे आणि गेम चालू असताना डीएनडी (कॉल अडवायचं सेटिंग) टाक. पप्पांचा नंबर तेवढा चालू ठेव म्हणजे झालं.