बाबांच्या नाकावरची गाठ: कापायची की रेडिएशन? मदत हवी आहे

चिंतातूर_लेक:
बाबांच्या नाकावर काळपट, चकचकीत पुळी आहे. गावच्या डॉक्टरांनी चामखीळ म्हणून मलम दिलं. खपली धरायची, तोंड पुसताना निघायची, टॉवेलला रक्त. आता बायॉप्सीत बीसीसी (बेसल सेल कार्सिनोमा, त्वचेचा कॅन्सर) आलंय. एक डॉक्टर म्हणतात कापा, दुसरे म्हणतात रेडिएशन. सोमवारी सांगायचंय. लवकर बोला!

भरउन्हात:
वय? नाकावर नेमकं कुठे? केवढी? रिपोर्टमध्ये बीसीसीपुढे काय लिहिलंय? रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का?

चुलीवरचा_चहा:
किमो अजिबात घेऊ नका. हळदीचा लेप लावा, गळून पडेल.

तिखटमीठ:
किमोचं नाव कुणी काढलं इथे? लेपाने वरून सुकेल, आत वाढत राहील. हळद आमटीत घाला.
आमच्या सासूबाईंना रेडिएशनच दिलं. रोजची जा-ये झाली, पण चेहऱ्याला सुरी लागली नाही. तेच करा.

चिंतातूर_लेक:
वय ७१. नाकपुडीच्या कडेला, वाटाण्याएवढी. नोड्युलर, म्हणजे गाठीचा प्रकार, असं लिहिलंय. स्टेंटनंतरची गोळी आहे, पण तिचा इथे काय संबंध?

भरउन्हात:
रक्तस्रावाचा संबंध आहे. सर्जनना सांगा, आणि हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करू नका.
रेडिएशन वाईट नाही, पण त्यात कडा तपासता येत नाहीत. साध्या ऑपरेशनमध्ये भोवतीची ४ मिमी तरी चांगली कातडी काढतात, नाकपुडीवर तेवढी आणायची कुठून? म्हणून मोह्स सर्जरी: एक थर काढायचा, लगेच मायक्रोस्कोपखाली सगळी कड बघायची, जिथे शिल्लक असेल तिथूनच पुढचा थर. आपल्याकडे मोजक्या ठिकाणीच होते. नसेल तर फ्रोझन सेक्शन, म्हणजे ऑपरेशन चालू असतानाच काढलेला तुकडा गोठवून तपासायची सोय, आहे का विचारा. बीसीसी शरीरात दुसरीकडे क्वचितच जातो. सोमवार हुकला तर आकाश कोसळत नाही, पण दिवाळीनंतर बघू असंही नको.

न्यूजर्सीकर:
मित्राला इकडे नुसतं इमिक्विमॉड क्रीम दिलं. उगाच कापाकापी.

भरउन्हात:
त्याचा सुपरफिशियल, म्हणजे वरवरचा असणार, पाठीबिठीवरचा. नाकावरच्या नोड्युलरला क्रीमवर सोडत नाहीत.

साखरभात:
मेडिक्लेमवाले प्लॅस्टिक सर्जरी दिसली की कॉस्मेटिक म्हणून अडवतात. कॅशलेसच्या कागदावर 'कॅन्सर काढल्यानंतरची पुनर्रचना' असं डॉक्टरांकडून लिहून घ्या.

गच्चीवरून:
तेलकट त्वचेला एसपीएफ ५० कुठलं चांगलं?

तिखटमीठ:
वेगळा धागा काढा हो.

चिंतातूर_लेक:
फोन केला. फ्रोझन सेक्शन आहे म्हणाले, पण प्लॅस्टिक सर्जन दुसऱ्या दिवशी येतात. चालेल?