अनुभव धागा : फोनची खरखर आणि पावसात जाणारं नेट

फायबर गावात येईल तेव्हा येईल. तोवर ज्यांचं ब्रॉडबँड अजून तांब्याच्या तारेवर चालतं, त्यांनी आपले अनुभव लिहा. खरखर कुठे सापडली, कशी सापडली, तेवढं नेमकं सांगा. शिव्या घालायला दुसरे धागे आहेत.

सुरुवात मी करते. देवरुखच्या अलीकडे घर, एक्स्चेंज लांब. मृगाची पहिली सर आली की रिसिव्हरमध्ये भजी तळल्यासारखा आवाज सुरू, आणि मॉडेमचा डीएसएलचा (तारेवरच्या नेटचा) दिवा लुकलुकायला लागतो. मॉडेमच्या सेटिंगच्या पानावर एसएनआर मार्जिन दिसतो, म्हणजे गोंगाटातही लाइन टिकायला सिग्नलला किती वाव उरलाय ते. उन्हाळ्यात 11-12 डेसिबल असतो, पावसात 6 च्या खाली घसरला की लाइन तुटतेच. दोष निघाला फणसावरून येणाऱ्या ड्रॉप वायरच्या (खांबापासून घरापर्यंतच्या तारेच्या) जोडात. वर नुसती चिकटपट्टी गुंडाळलेली, आत तांबं हिरवंगार. लाइनमनदादांनी जोड काढून खांबापासून घरापर्यंत अखंड वायर ओढली.

—

आधी दोष घरातला की बाहेरचा ते ठरवा, मगच तक्रार. मॉडेम, स्प्लिटर (फोन आणि नेट वेगळं करणारी डबी), एक्स्टेन्शन सगळं सोडवा आणि साधा फोन थेट रोझेटला, म्हणजे भिंतीवरच्या फोनच्या डबीला, लावा. कुठलाही एक आकडा दाबला की डायल टोन थांबते. त्या शांततेत ऐका. खरखर नसेल तर दोष तुमच्याच घरात. आमच्या रोझेटमध्ये मुंग्यांनी वारूळ केलं होतं! शिवाय माडीवरच्या जादा फोनला नेटचा सिग्नल अडवणारा फिल्टरच नव्हता.

—

चंदगडकडचा आहे. आमच्याकडं खरखर नव्हती, टक... टक... असा ठेका, तोही फक्त रात्रीचा. गवे-डुकरांसाठी शेजारच्या शेतात झटका मशीन आहे, त्याची कुंपणाची तार आमच्या फोनच्या वायरला समांतर गेलेली आणि गवतात टेकलेली. मशीन साधारण सेकंदाला एक झटका सोडतं, तेवढ्यांदा नेटला धक्का. शेजाऱ्यांनी गवत कापलं, अर्थिंगचा रॉड नीट ठोकला, आम्ही वायर दुसऱ्या बांधावरनं घेतली. ठेका थांबला.

—

मी केबल जॉइंटर म्हणून निवृत्त झालो. बोलणं 4 किलोहर्ट्झच्या आत, एडीएसएल, म्हणजे तारेवरचं नेट, 25 च्या वर, म्हणून 'आवाजाचा नेटशी काय संबंध' असं लोक म्हणतात. अहो, जोड तर एकच आहे ना! फोन उचलला की नेट येतं आणि ठेवला की जातं, असं होत असेल तर जोड गंजलाय समजा. उचलल्यावर तारेतून प्रवाह वाहतो आणि गंजाच्या थरातून वाट काढतो. उलट घंटी वाजताच नेट तुटत असेल तर आधी स्प्लिटर बदलून पाहा. बारीक अखंड गुणगुण म्हणजे जोडीतली एक तार बहुधा कुठेतरी जमिनीला लागलीय, आणि जवळच्या विजेच्या लाइनचा 50 हर्ट्झ आत येतोय. तक्रार देताना 'नेट स्लो' म्हणू नका, मॉडेम रीस्टार्ट करायला सांगून बोळवण करतील. 'फोनवर खरखर, बोलणं कळत नाही' म्हणा, म्हणजे माणूस खांबावर चढतो.

—

काका, तसंच सांगितलं, माणूस आलाही. पण डीपीत (खांबावरच्या फोनच्या डबीत) तारांची चांगली जोडी एकही शिल्लक नाही म्हणाला. आता छपरावर 4जी राउटर बसवलाय. लँडलाइन ठेवलीय, कारण आईच्या खोलीत मोबाइलला रेंज नाही आणि खरखरीतूनही तिला मावशीचं सगळं कळतं.